मागच्या बाकावरून

टांग्यात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची पाठ घोड्याकडे असते. पुढे काय येतंय ते त्याला दिसत नाही. जे मागे पडलं तेच डोळ्यांसमोर राहतं. आज तुमची जागा तीच आहे. पाय खालच्या फळीवर टेकवा आणि टपाची कमान हाताने घट्ट धरा. ही गाडी वर्षं ओलांडत मागे मागे जाणार आहे, आणि वाटेत जिथे थांबेल तिथे तुम्ही एकच करायचं: उतरून पुढे जायचं आणि गाडी कोण ओढतंय ते नीट बघायचं.

पहिला थांबा अगदी जवळचा. मुंबई, मार्च २०२१. दक्षिण मुंबईच्या रस्त्यावर व्हिक्टोरिया उभी आहे. तीच डौलदार घडण, मागे दोघांची ऐसपैस गादी, पुढे उंचावर हाकणाऱ्याची बैठक. तुम्ही पुढे जाता, तर तिथे कुणीच नाही. गाडी बॅटरीवर चालते. घोड्यांच्या व्हिक्टोरिया बंद झाल्यावर त्यांच्या जागी ही विजेची गाडी आणली आहे. ती सुटते तेव्हा हिसका बसत नाही. घोडागाडीत बसलेल्या कुणालाही तो पहिला हिसका आठवेल: घोडा मान खाली घालतो, छाती पट्ट्यात रोवतो, मागचे पाय जमिनीत दाबतो आणि मगच चाक हलतं. सगळ्यात जास्त ताकद त्या एका क्षणाला लागते. चालत्या गाडीपेक्षा थांबलेली गाडी ओढणं कितीतरी अवघड, आणि शहरात तर गाडी पावलोपावली थांबते.

आणखी सहा वर्षं मागे या. जून २०१५, मरीन ड्राइव्हची रात्र. रुपेरी पत्र्याने मढवलेल्या, प्लास्टिकच्या फुलांनी आणि रंगीत दिव्यांनी लखलखणाऱ्या व्हिक्टोरिया रांगेत उभ्या आहेत. मुलं आईबापांचे हात ओढताहेत. तुम्ही दिव्यांच्या पलीकडे जा. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर काळजी नको, ती त्याची विश्रांतीची पद्धत आहे. पण पुढचा पाय पुढे टाकून तो त्यावर भार द्यायला तयार नसेल, तर तो पाय दुखतोय. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट, त्यावर लोखंडी नाल सटकते, आणि प्रत्येक पावलाचा दणका खुरातून थेट सांध्यात जातो. मातीच्या रस्त्यासाठी घडलेला पाय आहे तो.

याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: करमणुकीसाठी शहरात चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा आहेत, त्या वर्षभरात बंद करा, आणि त्यांच्यावर पोट असलेल्यांच्या पुनर्वसनाची योजना सरकारने आखावी. तो निकाल योग्यच होता असं मला मनापासून वाटतं. हौसेच्या एका फेरीसाठी जनावराने लंगडावं हे कुठल्याही आठवणींच्या नावाखाली खपवून घेण्यासारखं नाही. पण त्या रांगेत बसलेल्या कोचमनच्या चेहऱ्याकडेही तुम्ही बघितलंच पाहिजे. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी त्याचा आजा याच बैठकीवर बसत होता, आणि घोडा आजारी पडला की घरात चूल पेटायची नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. या शहराला व्हिक्टोरियाची गरज होती तेव्हा ती करमणूक नव्हती. ते वाहन होतं.

ते वाहन कसं होतं, हे कळायला पुण्याला जाऊ.

साल १९४९. संध्याकाळची दख्खनची राणी नुकतीच पुणे स्टेशनात शिरली आहे. तुम्ही तिच्यातून उतरला आहात, बरोबर तुमचे थोरले मामा, चांगले धिप्पाड, आणि एक लोखंडी ट्रंक. स्टेशनच्या दगडी इमारतीतून बाहेर पाऊल टाकताच आधी वास येतो: लीद, ओलं गवत, चामड्याच्या साजाला लावलेलं तेल, रॉकेलचे कंदील. मग आवाज. "कुठं जायचं, साहेब?" "पेठेत का?" "या, या, इकडं या." टांग्यांची रांग लांबवर गेली आहे. रांगेतल्या निम्म्या घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधलेले आहेत आणि आतून हरभरा फोडल्याचा कुरकुर आवाज येतोय.

"सदाशिव पेठ. काय घ्याल?"

टांगेवाला आधी तुमच्याकडे बघत नाही, ट्रंकेकडे बघतो, मग मामांकडे. मनात वजन करतो आणि मग आकडा सांगतो. मामा दोन आणे कमी करायला बघतात. तो म्हणतो, "मामा, हरभऱ्याचा भाव काय झालाय बघा की. मी उपाशी राहीन, पण ह्याला चंदी द्यावीच लागती." व्यवहार ठरतो. ट्रंक पायाखाली सरकते. तुम्ही दोघे मागच्या बाकावर बसता, आणि त्याच क्षणी टांग्याच्या पुढच्या दांड्या वर उचलल्या जातात.

"मामा, तुम्ही पुढं या माझ्याशेजारी. गाडी उलाळ होतीय."

"अरे, मी बरा बसलोय की."

"तुम्ही बरे बसलाय, पण राजाच्या पोटाखालचा पट्टा वर ओढला जातोय."

टांग्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. दोन चाकांची गाडी म्हणजे मधल्या कण्यावर तोललेली तराजूची दांडी. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, दांड्या वर जातात आणि घोड्याला पोटाखालून उचलू पाहतात. त्याचे पाय जमिनीवर नीट रुतत नाहीत. भार पुढे आला की गाडी धुरजड होते आणि सगळं ओझं घोड्याच्या पाठीवर बसतं. चांगला टांगेवाला उतारू बसवताना असा बसवतो की दांडीचं वजन घोड्याच्या खोगिरावर जेमतेम टेकलेलं राहील. मग घोड्याला फक्त ओढायचं उरतं, पेलायचं उरत नाही. मामा पुढे जाऊन बसतात. दांड्या खाली येतात. राजा कान हलवतो.

टांगा हलतो. मालधक्का मागे पडतो, मग क्वार्टर गेट, मग लक्ष्मी रस्ता. तुम्ही मागे बघत बसला आहात, त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर दुकानांचे दिवे दूर दूर जाताहेत आणि सायकलवाल्यांची एक झुंड टांग्याच्या मागोमाग येतेय. पुढे गर्दी झाली की टांगेवाला पायाने घंटा दाबतो. ती पुरली नाही की चाबकाची काठी फिरत्या चाकाच्या आऱ्यांना लावतो. कटकटकटकट असा आवाज उठतो आणि माणसं न बघताच बाजूला होतात. चाबूक घोड्याला कमी आणि चाकालाच जास्त लागतो हे बघून तुम्हाला बरं वाटतं. सगळे टांगेवाले असे नसतात. रांगेत तुम्ही पाठीवर वळ असलेले घोडेही बघितले आहेत, खोगिराखाली चिघळलेल्या जखमा आणि त्यावर बसलेल्या माश्याही. म्हणून तुम्ही राजाचा टांगा निवडला, आणि त्या काळी जाणती माणसं टांगा असाच निवडायची. घोड्याच्या अंगावरून हाकणारा कळतो.

त्याच्या दिवसाचा हिशेब सोपा आहे आणि कठीणही. पहाटे उठून खरारा करायचा. पाणी पाजायचं, पण घामाघूम असताना नाही, नाहीतर पोटात कळ येऊन घोडा लोळायला लागतो असं तो मानतो. हरभरा आदल्या रात्री भिजत घालायचा. कडक रस्त्यावर नाल झिजते, म्हणून महिना-दीड महिन्याने नालबंदाकडे जायचं. चाकं रबरी झाल्यापासून उतारूंची हाडं सुखावली, कारण लोखंडी धावेचा खडखडाट गेला. घोड्याच्या पायात मात्र लोखंडच राहिलं. महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा मोटारी दारात उभ्या राहिल्या आणि टांग्यांना चांगले दिवस आले होते. आता ते उतरणीला लागलेत. बस आली आहे, रिक्षा त्यामागून येईल. टांगेवाल्याला हे ठाऊक आहे. "पोराला ड्रायव्हिंग शिकवतोय," तो मामांना सांगतो. आवाजात तक्रार नाही. "घोडं संभाळायचं म्हंजी घरात एक माणूस वाढल्यावानी असतं. आजकालच्या पोरांना नाही जमायचं."

सोन्या मारुती चौक आला. उतरायचं अजून लांब आहे, पण आपल्याला मागे जायचंय.

वाटेत मुंबईची काही वर्षं झरझर सरकतील. १५ जुलै १९२६: अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस. ७ मे १९०७: विजेची पहिली ट्राम. या दोन तारखांनी घोड्याच्या छातीवरचा पट्टा सैल केला. लोक त्या सोयीच्या म्हणून लक्षात ठेवतात. मी त्या सुटकेच्या म्हणून ठेवतो.

कोल्हापुरात गाडी क्षणभर हळू करा. तिथे एक धिप्पाड राजा स्वतः लगाम हातात धरून चौकडी हाकतोय. शाहू महाराजांना घोडे हाकण्याचा फार नाद, आणि त्यांचा खडखडा रस्त्याने निघाला की लांबून ओळखू यायचा. पण तुम्ही त्यांच्या गाडीखान्यातल्या नोकरांकडे बघा. ज्यांची सावलीही समाज टाळत होता अशा जातींतल्या माणसांना महाराजांनी माहूत केलं, कोचमन केलं. गाडीत कोण कुठे बसतं, कुणाच्या शेजारी कोण, लगाम कुणाच्या हातात, हे प्रश्न त्या काळी सहज विचारायचे नव्हते. महाराजांनी ते विचारले आणि स्वतःच्या घरापासून विचारले.

आता पुन्हा पुणे, पण रात्र वेगळी. २२ जून १८९७. गणेशखिंडीचा रस्ता काळोखात बुडालेला आहे. गव्हर्नरच्या बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ चालू आहे, टेकड्यांवर जाळ पेटवले आहेत. शहरात प्लेग आहे, आणि प्लेगपेक्षाही जास्त राग प्लेग अधिकारी रँडच्या शिपायांनी घरात शिरून केलेल्या तपासण्यांचा आहे. तुम्ही रस्त्याच्या कडेला झाडाआड उभे आहात. मध्यरात्रीच्या सुमाराला बंगल्यातून गाड्या सुटायला लागतात. टापा, चाकं, कंदिलांचे हलते पिवळे ठिपके. सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. कोचमन पुढे बघतोय, घोड्यांच्या डोळ्यांना झापडं आहेत, आणि गाडीच्या मागच्या बाजूला पडदा सोडलेला. मागून धावत येणारा माणूस या गाडीत कुणालाच दिसू शकत नाही. "गोंद्या आला रे!" अशी खुणेची हाक येते. दामोदर चापेकर गाडीमागे धावतात, वर चढतात, पडदा उचलतात आणि रँडवर गोळी झाडतात. ती गाडी तशीच पुढे जात राहते. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकर गोळी झाडतात. आयर्स्ट तिथेच मरतो, रँड ३ जुलैला. तुमच्या समोरून नंतरच्या गाड्या जाताहेत. त्यांतल्या घोड्यांना फक्त लगामाचा ताण कळतोय, तो अचानक वाढला आहे एवढंच.

त्याच दशकातला उन्हाळा. तुम्हाला महाबळेश्वरी जायचं आहे. पुण्याहून आगगाडीने वाठारला उतरा. इथून पुढे सुमारे चाळीस मैल टांगा. हा पुण्याच्या पेठेतला टांगा नव्हे. याला दोन तट्टं आहेत, मधोमध एक धुरा, आणि दोन्ही तट्टांच्या खोगिरांवरून आडवी टाकलेली लोखंडी पट्टी. धुरा त्या पट्टीला लटकलेली असते. बांधणी बुटकी आणि मजबूत, म्हणजे वळणावर उलटायची भीती कमी. ही गाडी सपाटीवर दौडते, भरधाव. तुमच्या पायाखालून रस्ता सुटून मागे पळत राहतो आणि धुळीचा लोट त्याच्यावर पडदा ओढत येतो. टप्प्यावर पोचलं की मोतद्दार ताजी तट्टं घेऊन उभाच असतो. घामाने भिजलेली जोडी सुटते, नवी लागते, तेवढ्यात तुम्ही पाणी पिऊन घ्यायचं.

वाई गेली. कृष्णा मागे राहिली. पसरणीचा घाट सुरू झाला आणि टांग्याची चाल पावलावर आली. तट्टांच्या बरगड्या भात्यासारख्या चालताहेत. पहिल्या वळणापाशी टांगेवाला मागे वळून बघतो, काही बोलत नाही. तुम्हाला समजतं. तुम्ही उतरता. शेजारचा वकील नाखुशीने उतरतो. दुसरे एक गृहस्थ मात्र, भाडं दिलंय म्हणून, बसून राहतात, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. उभ्या चढावर गाडी दम खायला थांबली की चाकामागे दगड लावायचा, म्हणजे थांबलेल्या वेळात तट्टांना गाडी धरून ठेवावी लागत नाही. तो दगड उचलायचं काम तुम्ही आपणहून करता. घाटमाथ्यावर गार वारा लागतो. खाली धोम-वाईचं खोरं पसरलेलं आहे. उतारूंचं लक्ष तिकडे, टांगेवाल्याचं लक्ष तट्टांच्या खुरांकडे: एकेक पाय उचलून तो नालेत अडकलेले खडे काढतोय.

हे सगळं खरं सुरू कुठे झालं, म्हणजे साध्या माणसाला घोड्याच्या गाडीत बसायला जागा कुठे मिळाली, ते बघायला मुंबईला चला. ९ मे १८७४.

कुलाबा. मे महिन्याचं ऊन. रस्त्यात लोखंडी रूळ बसवलेले आहेत, आणि त्यावर एक लांबट, बाजूने उघडी गाडी, ट्राम. पुढे घोडे. लोक गर्दीने बघायला जमलेत, पण चढायला कचरताहेत. आजवर मुंबईत घोडागाडीचा अर्थ वेगळा होता. शेठजींची फेटन, साहेबाची ब्रूम, संध्याकाळी समुद्रकाठी हवा खायला निघालेली पारशी कुटुंबं. त्या गाड्यांच्या पुढे 'हटो, हटो' ओरडत सईस पळायचा, अनवाणी, घोड्याच्या चालीने. इतरांनी चालायचं, किंवा बैलांच्या रेकल्यात दाटीवाटीने बसायचं. आणि आता ही गाडी म्हणतेय, तीन आणे द्या आणि कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत बसून जा. कुणीही.

तुम्ही चढता. तिकीट नाही, पैसे हातात द्यायचे. लाकडी बाक. तुमच्या एका बाजूला सचिवालयातला प्रभू कारकून, मांडीवर पगडी धरलेला. दुसऱ्या बाजूला कापडाचं गाठोडं घेतलेला बोहरी व्यापारी. समोर भाटिया, पलीकडे एक खलाशी. कारकुनाने आधी अंग चोरलंय. गाडी वळणावर झुकते, सगळे एकमेकांवर रेलतात, आणि मग अंग चोरायला जागाच राहत नाही. सोवळ्याओवळ्यावर या शहरात कितीतरी व्याख्यानं झाली. माझ्या मते त्यांतल्या बऱ्याच व्याख्यानांपेक्षा या बाकाने जास्त काम केलं. पुढे भाडं दोन आण्यांवर आलं, तिकिटं आली, आणि जे आधी बघायला जमले होते ते रोज बसायला लागले.

आता उतरा आणि घोड्यांकडे या. एवढी माणसं दोन घोडे कशी ओढतात? रुळांमुळे. लोखंडावर लोखंडी चाक इतकं हलकं फिरतं की मातीच्या वा खडीच्या रस्त्यावर जे ओझं दोन घोड्यांच्या आवाक्यातलं नाही, ते इथे चालतं. पण ते चालतं राहिलं तरच. प्रत्येक हाकेला गाडी थांबते, माणूस चढतो, आणि घोड्याला पुन्हा शून्यापासून सगळा भार हलवावा लागतो. मुंबईच्या मे महिन्यात. म्हणूनच ट्राम कंपनीने पुढे उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्यावर सोल्याच्या टोप्या घातल्या. परदेशी प्रवाशांना त्याचं फार कौतुक वाटायचं. टोपीखालचा घोडा दमलेला असायचा. ट्राम सुरू झाली तेव्हा स्टर्न्स आणि किट्रेज या चालकांच्या पागेत नऊशे घोडे होते असं सांगतात. नऊशे घोड्यांची रोजची चंदी, गवत, पाणी, लीद, नाला, आजारपणं: ते एक आख्खं दुसरं शहर होतं, आणि ते चालवणारे मोतद्दार, गवतवाले, नालबंद, बव्हंशी कुणाच्याच लक्षात न राहिलेले.

जनावरांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली तीही १८७४ सालीच. हा योगायोग असेल, पण मला तो फार बोलका वाटतो. ज्या वर्षी शहराने शेकडो घोडे कामाला जुंपले, त्याच वर्षी काही माणसांनी विचारायला सुरुवात केली की याची मर्यादा कुठे. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, १८८६ साली तिथे पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. शेठ केशवजी नाईकांचं कारंजं १८७६ साली मशिद बंदराच्या वस्तीत उभं राहिलं. रस्त्यातल्या पाणपोईशेजारी जनावरांसाठी हौद बांधणं हे त्या काळच्या शेठजींना देवळाइतकंच पुण्याचं वाटायचं. त्यांतले कितीतरी हौद आज कोरडे आहेत. त्यांच्याजवळून जाताना काठावरचा दगड बघा, पाणी प्यायला खाली केलेल्या माना त्यावर घासून घासून तो गुळगुळीत झालाय.

आणखी मागे. १८६०. तुम्ही मुंबईहून पुण्याला निघाला आहात. बोरीबंदरहून आगगाडी तुम्हाला घाटाच्या पायथ्याला, खोपोलीला आणून सोडते. वर खंडाळ्यापासून पुण्याला आगगाडी १८५८ पासून धावतेय. मधला घाट मात्र अजून फोडताहेत. तिथले बोगदे खोदताना आणि कमानी बांधताना हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी मेले. तो मार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडायचं आहे. तोवर इंजिन ते इंजिन हे अंतर तट्टावर, डोलीत नाहीतर पालखीत. एवढ्या आधुनिक प्रवासाच्या ऐन मध्यात तुम्ही माणसांच्या खांद्यावर बसता.

अजून तीस वर्षं. नोव्हेंबर १८३०. गव्हर्नर सर जॉन माल्कम बोरघाटातला नवा रस्ता खुला करतोय. देशावरून कोकणात उतरणारा, चाकाची गाडी चढू-उतरू शकेल असा हा रस्ता. त्याआधी १८०४ साली जनरल वेलस्लीने वाट रुंद केली होती, पण ती तोफा चढवायला. आता मुंबईकर मचव्याने पनवेलला येईल, आणि पनवेलहून घोड्यांच्या गाडीत बसून पुणे गाठेल. हा रस्ता साम्राज्याने आपल्या सोयीसाठी बांधला, यात शंका नाही. पण इथे एक गोष्ट लक्षात येते. मराठी मुलखात घोडा काही कमी नव्हता. भीमथडीची तट्टं घेऊन मराठे अटकेपर्यंत गेले. घोडा खोगिराखाली होता, शर्यतीत होता, देव्हाऱ्यात होता. गाडीला मात्र बैल होता, तोफेलाही बैलच, आणि माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. घोड्याला गाडी ओढता येत नव्हती असं नव्हे. त्याची चाल झेपेल असा रस्ताच नव्हता. दगडगोट्यांवरून बैल संथ पावलं टाकत गाडी नेतो. घोड्याच्या दौडीत तीच गाडी पहिल्या कोसात मोडून पडते.

आता शेवटचा थांबा, या रस्त्याच्याही आधीचा. १८२०च्या आसपास. गाडी नाही, कारण इथवर गाडी येतच नाही. तुम्ही पुण्याहून पालखीत निघाला आहात, आणि मळवलीजवळ भोयांनी पालखी खाली ठेवली आहे. जेवणाची वेळ आहे. समोरच्या डोंगरात भाजे लेणी आहेत. तुम्ही पाय मोकळे करायला वर चढता. एका विहाराच्या ओसरीत, भिंतीवर, चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. रथात सूर्य उभा, दोन बाजूंना दोन स्त्रिया, चाकांखाली चिरडला जाणारा अजस्र देह. पलीकडे हत्तीवर इंद्र. हे दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे. म्हणजे कोरणाऱ्याला जुंपलेला घोडा ठाऊक होता: मान कशी वळते, छाती कशी ताणते. पण त्याच्या रथाखाली रस्ता नाही, दैत्य आहे. घोड्यांची गाडी ही देवाची आणि राजाची गोष्ट होती, आणि लेण्याखालच्या वाटेने जाणारा माणूस तेव्हाही चालतच होता, आजही चालतोय.

तुम्ही खाली येता. भोयांनी भाकऱ्या खाल्ल्या आहेत. आठजण आहेत, चार उचलणारे आणि चार पाळी बदलणारे. त्यांच्या खांद्यावर जिथे दांडी बसते तिथे कातडं जाड होऊन गाठ आली आहे, गाडीच्या बैलाच्या मानेवर यायची तशीच. ते पालखी उचलतात. पावलं एका लयीत पडायला हवीत, म्हणून पुढचा हुंकार देतो, मागचा त्याला जोड देतो. खंडाळा जातं. घाटाचा उतार सुरू होतो. सुटे दगड, ओली मुरमाड माती. आता पालखी पुढे कलली आहे आणि सगळं ओझं पुढच्या दोघांवर आलंय. त्यातला एकजण म्हातारा आहे. त्याचा गुडघा प्रत्येक पावलाला थरथरतो, आणि तुमच्या बैठकीपर्यंत तो थरार पोचतो.

याच डोंगररांगेत, माथेरानला, माणसाने माणूस ओढायची हातरिक्षा एकविसाव्या शतकातही चालू असणार आहे.

"थांबा," तुम्ही म्हणता. "मी चालतो."

भोई पालखी ठेवतात, पण त्यांना ते नीट समजत नाही. म्हातारा विचारतो, "काय चुकलं का, महाराज? मजुरी कमी करू नका." तुम्ही सांगता की मजुरी पुरी मिळेल. तो अजून साशंक आहे. रिकामी पालखी खांद्यावर घेऊन ते तुमच्या पुढे चालायला लागतात, आता सहज, एकमेकांशी बोलत. तुमच्या पायांना या वाटेची सवय नाही, दोनदा घसरता. म्हातारा मागे वळून हात देतो आणि सांगतो की जरा पाय उचला. खोपोली गाठायला दिवस मावळेल, तिथून पनवेलचं बंदर अजून एक मुक्काम लांब आहे, आणि भरतीची वेळ चुकली तर मचवा सुटून जाईल.